नाना फडणवीस आणि घाटाखालचें पाणी

कर्जत व खालापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं वसलेले आहेत. पूर्वेस ढाक, राजमाची व बोरघाट यांचे उभे कडे, पश्चिमेस माथेरान, प्रबळ व माणिकगड यांचे डोंगर, आणि या दोहोंमध्यें भाताच्या खाचरांचा सखल पट्टा, अशी या मुलुखाची ठेवण आहे. उल्हास नदी घाटांतून उतरून कर्जतवरून उत्तरेस कल्याणच्या खाडीकडे जाते. पाताळगंगा खोपोलीवरून पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे जाते. पावसाळ्यांत येथें शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. परंतु तें पाणी खडकावरून धांवत जाऊन समुद्रास मिळतें, आणि चैत्र-वैशाख लागला कीं ज्या वाड्यांनीं चार महिने पूर पाहिला, त्याच वाड्यांतील बायका हंडाभर पाण्यासाठीं दूरची वाट चालूं लागतात. ही गोष्ट येथील वाचकांस सांगावयास नको.

जुन्या काळीं व्यापाराच्या वाटा या दोन खोऱ्यांनींच आंखून दिल्या होत्या. कल्याण व पनवेल या बंदरांकडून मीठ, सुकी मासळी, नारळ व तांदूळ बैलांच्या पाठीवर लादून घाटावर जात; देशावरून गूळ, कडधान्यें, मिरची व कापूस खालीं येत. या वाटांवर जागोजाग बाजार भरूं लागले. कर्जतच्या उत्तरेस कडाव आहे. भोंवतालचे कुणबी, ठाकूर व कातकरी लोक तेथील बाजारांतूनच मीठ-मिरची घरीं नेत आले आहेत. त्यापलीकडे कोथळीगडाच्या कुशींत जें गांव आहे त्याचें तर नांवच पेठ, आणि त्यावरून किल्ल्यालाहि लोक पेठचा किल्ला म्हणतात. परंतु पुण्याकडे जाणारा मोठा माल ज्या नाक्यावर थांबे, तें ठिकाण म्हणजे बोरघाटाच्या पायथ्याची खोपोली. या गांवाचें महत्त्व पिकामुळें नव्हतें, वाटेमुळें होतें. जेथें चढण सुरू होते तेथें बैल थांबतो. जेथें बैल थांबतो तेथें माणूस उतरतो. आणि जेथें माणूस उतरतो तेथें दुकान मांडलें जातें.

या खोपोलीस एक मोठें तळें व त्याच्या कांठीं महादेवाचें देऊळ आहे. तीं दोन्ही बांधविणारे गृहस्थ म्हणजे मराठी राज्याचे प्रसिद्ध कारभारी नाना फडणवीस. पुण्याच्या राजकारणांत त्यांनीं काय केलें हें शाळेंतील मुलांनाहि थोडेंफार ठाऊक असतें. परंतु या घाटाशीं व या पाण्याशीं त्यांच्या आयुष्याचा जो संबंध आला तो आपल्या भागांतील लोकांनीं विशेष जाणून घेण्यासारखा आहे. म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

नानांचें मूळ नांव बाळाजी जनार्दन भानु. हें घराणें कोंकणांतील, श्रीवर्धनच्या बाजूचें. पेशव्यांचे मूळ पुरुष बाळाजी विश्वनाथ भट हे कोंकण सोडून घाट चढून गेले, तेव्हां भानु बंधूहि त्यांच्याबरोबर गेले. आणि पुढें भटांकडे पेशवाई आली तेव्हां भानूंच्या घरीं फडणिशी आली. नानांचा जन्म साताऱ्यास १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं झाला. ते शरीरानें सडपातळ व नाजूक होते. इ. स. १७५६ त वडील वारले आणि चौदाव्या वर्षींच फडणिशीचें काम या मुलाच्या अंगावर पडलें.

फडणीस म्हणजे काय हें येथें सांगितलें पाहिजे. फड म्हणजे सरकारी कचेरी. राज्याचा वसूल किती आला, जकात कोणत्या नाक्यावर किती जमली, कोणत्या सरदाराला फौजेच्या खर्चासाठीं किती दिलें, कोणत्या किल्ल्यावर किती दाणा व किती दारूगोळा आहे, या सर्वांची नोंद फडावर होत असे. आणि फडणिसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय कोणताहि हिशेब पुरा होत नसे. तरवार बहाद्दराच्या हातीं दिसते, परंतु ती उचलणाऱ्या हाताला भाकरी कोठून मिळते हें फडणिसाला ठाऊक असतें. नानांचें सारें सामर्थ्य या ज्ञानांत होतें.

एकोणिसावें वर्ष पुरें होण्याच्या आंत त्यांना जी गोष्ट पाहावी लागली ती ते जन्मभर विसरले नसतील. सदाशिवरावभाऊंच्या स्वारीबरोबर ते आई व पत्नी यांना घेऊन उत्तरेकडे गेले होते. पानिपतावर अबदालीनें मराठ्यांची रसद तोडली. दाणा महाग झाला, मग मिळेनासा झाला. जनावरें मेलीं, आणि अखेर उपाशी फौज १४ जानेवारी १७६१ रोजीं लढाईस बाहेर पडली. त्या दिवशीं काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. नाना वेष पालटून, पायीं चालत, लपतछपत निसटले. पत्नी वांचली, आई मात्र त्या धुमाळींत कायमची अंतरली. या प्रसंगाची हकीकत नानांनीं स्वतःच्या हातानें लिहून ठेविलेल्या लहानशा आत्मवृत्तांत आली आहे. फौज शत्रूच्या तरवारीनें पडते त्याच्या आधीं ती भुकेनें पडते, हा पानिपताचा धडा या तरुण हिशेबनिसाच्या मनावर किती खोल उमटला होता, हें वीस वर्षांनीं बोरघाटांत दिसून आलें.

थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत नाना हिशेबाच्या कामांत पक्के झाले. परंतु माधवराव १७७२ त क्षयानें वारले, आणि पुढच्याच वर्षीं, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, त्यांचे धाकटे बंधु नारायणराव यांचा शनिवारवाड्यांत खून झाला. चुलते रघुनाथराव पेशवे होऊन बसले. तेव्हां पुण्याच्या कांहीं कारभाऱ्यांनीं एकत्र येऊन खुनाच्या बळावर आलेली सत्ता मानावयाचें नाकारलें. यांनाच बारभाई म्हणतात. नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेविलें, आणि १८ एप्रिल १७७४ रोजीं तिला मुलगा झाला. तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या मुलाच्या नांवानें राज्य चालूं लागलें, आणि हळूहळू त्या राज्याचीं सारीं सूत्रें नानांच्या हातीं आलीं.

रघुनाथरावांनीं मुंबईच्या इंग्रजांचा आश्रय धरला. इंग्रजांना साष्टी व वसई हवी होती. डिसेंबर १७७४ त त्यांनीं ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७७५ त सुरतेस रघुनाथरावांशीं तह केला. अशा रीतीनें समुद्रकांठचे व्यापारी आणि घाटावरचें राज्य यांच्यामध्यें युद्ध सुरू झालें. आणि या दोहोंच्या मधोमध आपला कर्जत-खालापूरचा मुलूख होता.

नोव्हेंबर १७७८ त मुंबईची फौज पनवेलीस उतरली. लढणारे शिपाई चार हजारांच्या आंत होते, परंतु त्यांचें सामान वाहण्यासाठीं सुमारें १९,००० बैल होते असें त्या वेळच्या हिशेबांत आहे. एवढें जनावर बोरघाटानें वर चढवावयाचें म्हणजे काय, याची कल्पना घाटाखालीं राहणाऱ्या माणसाला सहज येईल. दिवसाकांठीं मैल-दोन मैल अशा चालीनें फौज पुढें सरकूं लागली. नाना, महादजी शिंदे, तुकोजी होळकर व हरिपंत फडके यांनीं समोरासमोर मोठी लढाई दिली नाहीं. वाटेवरचा दाणा व गवत हलविलें किंवा जाळलें, आणि शत्रूला पुढें येऊं दिलें. ९ जानेवारी १७७९ रोजीं इंग्रज तळेगांवास पोंचले तेव्हां गांव ओसाड व जळालेलें होतें. दोन दिवसांनीं मोठ्या तोफा तळेगांवच्या तळ्यांत लोटून त्यांनीं रात्रीं माघार घेतली. वडगांवाजवळ मराठ्यांनीं त्यांना वेढलें, आणि तेथें त्यांना तह करावा लागला.

दोन वर्षांनीं हाच खेळ खुद्द खोपोलीस झाला. वसई घेतल्यावर जनरल गॉडर्ड १७८१ च्या फेब्रुवारींत बोरघाटावर चालून आला. त्यानें घाटाचा माथा घेतला, आणि स्वतःची छावणी पायथ्याशीं खोपोलीस दिली. त्याला वाटलें कीं घाट हातीं आला म्हणजे पुणें नमेल. नानांनीं पुण्याहून तहाची घाई केली नाहीं. हरिपंत व होळकर यांच्यासह मोठी फौज घाटावर समोर उभी राहिली, आणि परशुरामभाऊ पटवर्धन खालीं कोंकणांत उतरले. पनवेलीहून दाणा घेऊन येणारा प्रत्येक तांडा चौक-खालापूरच्या वाटेवर अडविला जाऊं लागला. दोन महिन्यांत छावणीला उभें राहणें कठीण झालें. एप्रिल महिन्यांत गॉडर्ड खोपोली सोडून परत फिरला, आणि पनवेलीस पोंचेपर्यंत त्याचीं साडेचारशेंहून अधिक माणसें ठार वा जखमी झालीं. पानिपतावर जें नानांनीं सोसलें होतें, तेंच त्यांनीं येथें शत्रूवर उलटविलें. पुढील वर्षीं, १७ मे १७८२ रोजीं, सालबाईचा तह झाला, आणि त्यानंतर वीस वर्षें इंग्रज व मराठे यांच्यांत युद्ध झालें नाहीं.

येथें एक गोष्ट विसरूं नये. ज्या गांवांतून फौजा गेल्या त्या गांवांचें काय झालें? इतिहासाच्या पुस्तकांत सरदारांचीं नांवें असतात. ज्याचें गवत जाळलें, ज्याचा बैल वेठीस धरला, ज्याचें भात उभेंच तुडविलें गेलें, त्याचें नांव कोठेंच नसतें. शत्रूची रसद तोडण्याची युक्ति हुशारीची खरी. परंतु तिची किंमत प्रथम रयतेनें दिली.

हीच वाट शांततेच्या दिवसांत बाजाराची वाट होती. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत दीड हजार फुटांहून अधिक चढण आहे, आणि त्या काळीं तेथें गाडीरस्ता नव्हता. ओझ्याचा बैल सायंकाळीं पायथ्याशीं उतरे, रात्र काढी, आणि पहांटेच्या गारव्यांत चढणीस लागे. अशा जागीं हजारों जनावरांना व माणसांना उन्हाळ्यांत पाणी कोठून मिळावें? नानांनीं तेथें मोठें तळें बांधवून पावसाचें पाणी अडविलें. धर्मकृत्य म्हणून देऊळ बांधणारे पुष्कळ होते. परंतु ज्यानें आयुष्यभर जकातीचे आंकडे पाहिले, त्याला हेंहि दिसलें असेल कीं पाणी नसेल तर तांडा थांबणार नाहीं, आणि तांडा थांबला नाहीं तर बाजार वसणार नाहीं. इ. स. १८२५ त कलकत्त्याचे बिशप हेबर हे पनवेलीहून पुण्यास जातांना खोपोलीवरून गेले. नाना वारून तेव्हां पंचवीस वर्षें झालीं होतीं, पेशवाई बुडून सात वर्षें झालीं होतीं. तरी त्या सुंदर तळ्याची व देवळाची नोंद या परक्या प्रवाशानें आपल्या प्रवासवृत्तांत नानांच्या नांवासह केली आहे.

नानांच्या गुणांबरोबर त्यांचे दोषहि सांगितले पाहिजेत. नाहीं तर तें चरित्र न होतां स्तोत्र होईल. ते उद्योगी, सावध व राज्याच्या कामांत निष्ठावंत होते. परंतु संशयी होते. हेर सर्वत्र, विश्वास कोठेंच नाहीं, अशी त्यांची रीत झाली. त्यांनीं नेमलेला पुण्याचा कोतवाल घाशीराम यानें वर्षानुवर्षें शहरावर जुलूम केला. १७९१ त त्याच्या कोठडींत कोंडलेले अनेक ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हां शहर खवळलें, आणि लोकांनीं घाशीरामाला दगडांनीं ठार केलें. गरिबाची ओरड वेळेवर ऐकली असती तर हा प्रसंग आला नसता. बाल पेशव्याला त्यांनीं काळजीनें वाढविलें, परंतु इतक्या कडक देखरेखीखालीं ठेविलें कीं तो स्वतंत्रपणें राज्य करावयास कधीं शिकला नाहीं. आपल्यामागें कारभार कोण पाहील याची तयारीहि त्यांनीं केली नाहीं.

याचें फळ लौकरच दिसलें. मार्च १७९५ त खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला, आणि नानांची सत्ता कळसाला पोंचली. सातच महिन्यांनीं, ऑक्टोबरमध्यें, एकवीस वर्षांचे सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून खालीं पडून वारले. तो अपघात होता, तापाचा भ्रम होता, कीं जिवाला कंटाळून टाकलेली उडी होती, यावर इतिहासकारांत एकमत नाहीं. एकुलता आधार गेला. गादीसाठीं भांडणें लागलीं. नानांना पुणें सोडून महाडास जाऊन राहावें लागलें. डिसेंबर १७९६ त ज्या रघुनाथरावांशीं ते जन्मभर लढले त्यांचाच मुलगा बाजीराव पेशवा झाला. १७९७ च्या अखेरच्या दिवशीं दौलतराव शिंद्यांच्या माणसांनीं नानांना कपटानें कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेविलें. पुढील वर्षीं ते सुटले व पुन्हा कारभारावर आले. परंतु शरीर थकलें होतें आणि मन खचलें होतें. १३ मार्च १८०० रोजीं ते पुण्यास वारले. त्यांना मुलगा राहिला नव्हता. त्यांची बालविधवा जिऊबाई प्रथम लोहगडावर राहिली, आणि पुढें इंग्रजांच्या संरक्षणाखालीं पनवेलीस येऊन त्यांनीं बांधून दिलेल्या नेमणुकीवर तिनें दिवस काढले. ज्या घाटानें नानांनीं इंग्रजांना परत लाविलें होतें, त्याच घाटाखालीं त्यांच्या विधवेला इंग्रजांच्या आसऱ्यानें राहावें लागलें. नानांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आंत बाजीरावानें वसईचा तह करून स्वातंत्र्य गहाण टाकलें, आणि १८१८ त राज्य संपलें.

खोपोलीचें दैवहि वाटेबरोबर फिरत राहिलें. १८३० त बोरघाटांतून गाडीरस्ता झाला, आणि गाड्यांची वर्दळ वाढली. १८५६ त कल्याणहून खोपोलीपर्यंत आगगाडी आली. १८५८ पासून खंडाळ्याहून पुण्यास गाडी धांवूं लागली. परंतु मधला घाट अजून मोकळा नसल्यामुळें उतारू खोपोलीस उतरून पालख्या, तट्टें व गाड्या करून वर जात. तो या गांवाच्या भरभराटीचा काळ होता. १८६३ त बोरघाटाची लोहमार्गाची चढण पुरी झाली. ती कर्जतवरून वर गेली, आणि खोपोली एका फांटेवजा मार्गाचें शेवटचें स्टेशन होऊन राहिली. कर्जत वाढलें. पुढें घाटावरच्या तलावांचें पाणी नळांतून खालीं आणून १९१५ त टाटांनीं खोपोलीस वीज उत्पन्न करावयास आरंभ केला, त्यानंतर कारखाने आले, आणि गांवाचें शहर झालें. आतां पुण्याचा द्रुतगति मार्ग जवळूनच जातो, आणि त्यावरील मोटारींना पाण्यासाठीं थांबण्याचें कारण उरलें नाहीं. बैलांच्या तांड्यांनीं वसविलेला बाजार रेल्वेनें एकदां मागें टाकला, आणि विजेनें पुन्हा उभा केला.

तळ्याविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हें चरित्र पुरें होत नाहीं. पेशवाईच्या काळीं पाणी पुण्यार्थ बांधलें जाई खरें, परंतु तें पिण्याचा अधिकार सर्वांना नसे. महार, मांग व चांभार यांना सार्वजनिक तळ्यांवर जाऊं देत नसत. ज्यांच्या पाठीवर सरकारी ओझें चाले त्यांनीं वरच्या जातीच्या कोणी ओंजळींत ओतीपर्यंत लांब उभें राहावें अशी रूढि होती. नानांच्या राज्यानें ही रूढि मोडली नाहीं; तें राज्य तीच पाळीत होतें. ज्या महाडास नाना संकटाच्या दिवसांत राहिले, त्याच महाडास २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनीं त्या तळ्याचें पाणी प्यालें. त्याबद्दल लोकांना मारहाण झाली, खटला चालला, आणि १९३७ त मुंबईच्या उच्च न्यायालयानें निकाल देऊन तो हक्क मान्य केला. तळें खणण्यास कारागीर पुरतात. तें सर्वांचें होण्यास महाडाच्या लोकांना मार खावा लागला, आणि न्यायासाठीं दहा वर्षें वाट पाहावी लागली.

नानांच्या आयुष्याकडे आज आपण पाहतों तेव्हां काय उरलेलें दिसतें? फडावरील सत्ता गेली. हेरांचें जाळें गेलें. सांचविलेलें द्रव्य वाटमारीसारखें वाटलें गेलें. ज्या मुलासाठीं त्यांनीं एकवीस वर्षें जागरण केलें तो त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. राहिलें तें घाटाच्या पायथ्याचें पाणी, आणि तें कोणासाठीं बांधलें होतें? ज्यांचीं नांवें नानांना कधींच कळलीं नाहींत अशा वाटसरूंसाठीं. मोठ्या माणसानें स्वतःच्या सत्तेसाठीं जें केलें तें त्याच्याबरोबर गेलें, आणि अनोळखी माणसाची तहान ओळखून जें केलें तें मागें राहिलें. आपल्यापैकीं कोणाच्या हातीं राज्याचा फड नाहीं. परंतु प्रत्येक गांवांत विहीर असते, विहिरीची वाट असते, आणि कोणीतरी त्या वाटेवर मागें उभा असतो. गांवची विहीर उपसतांना, नळाची योजना आणतांना, पाणवठ्याची पाळी ठरवितांना त्या मागें उभ्या राहिलेल्याचें नांव प्रथम घ्यावें. नानांच्या फडाला जी नोंद करतां आली नाहीं ती आपल्या गांवपंचायतीच्या वहींत झाली पाहिजे.